अडीच वाजताची पाटी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आज सलिलने लिहिलं — "आई, बाबांना अधूनमधून बटाटेवडे करून देत जा. या वयात किती ते पथ्य!"

मला हसूच आलं. कझाकस्तानातल्या गॅस प्लांटवर, कुंपणाच्या आत अडकलेल्या मुलाला बापाच्या वड्यांची काळजी! मी लिहिलं, डॉक्टर काय तुझ्या खिशात आहेत? तर म्हणे, "एका वड्याने काही होत नाही." थेट बापाचंच वाक्य.

हे चारला झोपून उठले, तेव्हा यांना सांगितलं. म्हणाले, "बघ. पोराला तरी कळतं." संध्याकाळी दोन वडे केले. दोनच.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

गुडघा. बाकी काही नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

शेजारची मुक्ताई अडीचला मुद्दाम आमची पाटी बघायला आली. पडद्यावरचा बाण आपला आपण हलायला लागला तशी ओरडली — "अगंबाई, भूत!" म्हटलं, भूत नाही, माझा मुलगा आहे. फरक थोडाच आहे, दोघंही बोलावून येत नाहीत.

मग तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तिथे प्लांटच्या गेटवरच मोबाइल काढून घेतात. महिन्यातून एकदा शहरात सोडायचे तेव्हा फोन यायचा. गणपतीपासून त्या सुट्ट्याही बंद झाल्या, असं सलिलनेच पाटीवर लिहिलं. कंपनीच्या इंटरनेटला भिंत घातलेली — व्हॉट्सअ‍ॅप नाही, व्हिडिओ नाही, काही नाही. म्हणून निकिताने ही युक्ती काढून दिली. निकिता म्हणजे सलिलची मैत्रीण, खराडीत कॉम्प्युटरचं असलंच काम करते. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे बसून तिने मला समजावलं होतं — "काकू, त्यांच्याकडे भिंत आहे, तुमच्या इंटरनेटलाही एक आहे. बाहेरून आत कुणीच शिरू शकत नाही. पण आतून बाहेर जायला बंदी नसते. मग दोघांनीही बाहेर यायचं आणि मधे भेटायचं." म्हणजे दोन घरची माणसं बाहेर पडून पारावर भेटतात तसं. मला लगेच पटलं.

तर, आमच्या कॉम्प्युटरवर एक कोरं पान सतत उघडं. तीच पाटी. अडीचला सलिलची जेवणाची सुट्टी. तो तिकडून शिरतो, बाण हलतो, अक्षरं उमटतात. खाली मी उत्तर लिहायचं. संध्याकाळी सगळं पुसायचं, नाहीतर पाटी कसली!

मुक्ताईने विचारलं, "आणि भाऊ नाही बसत?" भाऊ म्हणजे आमचे हे. हे कसले बसतात! एक ते चार झोप. खोलीचं दार बंद. टेलिफोन खात्यात जन्मभर लोकांच्या तारा जोडल्या आणि पोटच्या पोराशी एक अक्षर बोलत नाहीत. मला रागच येतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सलिलने आज काय लिहावं! "आई, तू आमच्यासाठी इतकी वर्षं केलंस, ते कुणी कधी बोलून दाखवलं नाही. पण कळत नाही असं नाही."

दुपारभर डोळे पुसत होते. यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, कांदा. हे पेपरात डोकं घालून बसले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

निकिताशी बोलतोस ना, म्हणून विचारलं. बाण बराच वेळ एका जागी उभा. मग — "आज हवा कशी आहे तिकडे?" तिचं नाव काढलं की असंच. भांडले असणार. एवढी गुणी मुलगी! स्वतःहून सांगितलं होतं तिने, आजोबा छप्पन्न सालीच बौद्ध झाले म्हणून. उंबऱ्यात येतानाच सांगितलं, पाणीसुद्धा घ्यायच्या आधी. तेव्हा मला कसंसंच झालं होतं — असं सांगून टाकायची वेळ तिच्यावर का यावी?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कुठून सुरू करू, कळत नाही. तरी लिहिते.

अडीचला सलिल आला. गुडघ्याचं विचारलं. मला सूर्यफुलाचं तेल लावायला सांगितलं (कुणी लावतं का?). तीनला गेला. मग मी मोबाइलवर कीर्तन लावायला गेले, तर लागेना. वायफायच्या डब्यावर लाल दिवा. केबलवाल्याला फोन केला. म्हणाला, "काकू, सकाळी दहापासून लाइन तुटलीय. चौकात जेसीबी लावलाय. अख्ख्या शनिवार पेठेला नेट नाही."

मी म्हटलं, कसं शक्य आहे? आत्ता तर मुलगा येऊन गेला! तो म्हणाला, "मग घरी आला असेल."

निकिताला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "काकू, लाइन तुटली असेल तर बाहेरून कुणीच येऊ शकत नाही. वायफायचा डबा चालू असेल तर घरातल्या घरात चालतं. मी काकांच्या मोबाइलवरही तेच टाकून दिलं होतं."

घरातल्या घरात! घरात आम्ही दोघंच.

"आणि काकू... सलिल गणपतीपासून पाटीवर लिहीतच नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?" का, म्हणून विचारलं. म्हणाली, "ते काकांना विचारा. माझ्या तोंडून नको."

समोर यांच्या खोलीचं दार. बंद. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. ठोठावायचं धैर्य झालं नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळपासून गप्प राहिले. लाइन अजून तुटलेलीच. यांना पत्ता नाही — यांचा मोबाइल या एका कामापुरता, बाकी पेपर आणि रेडिओ.

अडीचला बाण हलला. "आई, आज" एवढं उमटलं आणि मी उठून यांच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

डोक्यावरून पांघरूण! आत मोबाइलचा उजेड! ओढलं तर हे — चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एका बोटाने टाइप करतायत. मला बघून म्हणाले, "झोप येत नव्हती म्हणून..."

मी किंचाळलेच. माझा मुलगा कुठे आहे? आहे ना? आहे ना तो?

"आहे गं. धडधाकट आहे. बस तू आधी."

मग बोलले. भिंतीकडे बघून. गौरींच्या आदल्या दिवशी मी मंडईत गेले होते. त्या दिवशी हे पाटीपाशी बसले. सलिलने लिहिलं, निकिताशी लग्न करतोय, तुमचे आशीर्वाद हवेत. यांनी उत्तर लिहिलं — "त्या लोकांतली मुलगी या घरात आणलीस, तर आम्ही दोघं तुला मेलो."

आम्ही दोघं! मला न विचारता मलाही मारून मोकळे!

सलिलने फक्त "बरं" लिहिलं. गेला. मग आलाच नाही. मी परतायच्या आत यांनी पाटी पुसली.

"तू रोज अडीचला जाऊन बसायचीस. तीन, साडेतीन. बाण हलायची वाट बघत. मला बघवेना."

म्हणून हे माझा मुलगा झाले! वडे यांनाच हवे होते! आणि ते गुरुवारचं... तेही यांचंच. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, "भाजी बरी झालीय" याच्या पलीकडे हा माणूस गेला नाही. मुलाच्या नावाआड लपून एवढं बोलला. रडू की मारू, समजेना. स्वयंपाकच केला नाही. दोघं उपाशी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

निकिताला फोन. म्हटलं, बाळा, मी तसं म्हटलं नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं. "मला वाटलंच होतं, काकू," म्हणाली. एवढं ऐकून घेऊनही परवा तिने माझा फोन उचलला, काकू म्हणाली, वायफाय समजावलं! मला लाज वाटली. भयंकर.

सलिलला ऑफिसच्या मेलवर कळवते म्हणाली. आणि वर — "तुमचं मी कळवीन. काकांचं त्यांनीच कळवायला हवं ना?"

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

लाइन आली. अडीचला यांना हाताला धरून पाटीसमोर बसवलं. म्हटलं, आता स्वतःच्या नावाने. माफी मागा. त्याची आणि तिचीही. नाहीतर उद्यापासून तुमचा डबा तुम्ही करा.

"असं कसं एकदम..."

"मेलो लिहिताना कसं एकदम आलं?"

बसले. लिहिलं — "सलिल," आणि पुढे काही नाही. अर्धा तास. मान खाली. शेवटी पुसायला गेले. मी हात धरला. ही पाटी आज पुसायची नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

"सलिल," तेवढंच. बाण नाही.

झोपले नाहीत हे दुपारी. खुर्चीत बसून होते. चक्क एक ते चार!

रविवार, १६ नोव्हेंबर

चहा पिताना आपणहून म्हणाले, "त्याच्या नावाने भराभर सुचायचं गं."

म्हटलं, मग तेच लिहा.

"माझ्या तोंडी ते शोभणार नाही." कप खाली ठेवून — "ती मुलगी पाणीसुद्धा न पिता गेली होती ना त्या दिवशी?"

प्यायली होती, म्हटलं. मी दिलं होतं. तुम्ही झोपला होतात.

भीती वाटते, आता पोरगा कायमचा गेला. याच एका शब्दावर आम्ही दोघं म्हातारे होऊन जाणार.

सोमवार, १७ नोव्हेंबर

अडीच. हे माझ्या शेजारी. दोन्ही हात मांडीवर, मोबाइल आत कपाटात.

बाण हलला!

यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. बाण यांच्या त्या एका शब्दाच्या पुढे येऊन थांबला. अक्षरं उमटली —

"बाबा, पुढे लिहा. माझ्या नावाने तुम्ही आईला जे लिहायचात, ते मी रोज येऊन, बाण न हलवता, वाचत होतो."

म्हणजे इतके दिवस अडीचला आम्ही तिघंही तिथेच होतो! मी उठले आणि कीबोर्ड यांच्यापुढे सरकवला.