स्टिक खराब आहे

१ फेब्रुवारी, शनिवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. लोकांना दाखवून आजवर काय मिळालं?

संकल्प एकच. तेवीस तारखेच्या सामन्यात लीडरच्या उजव्या हाताला उडायचं. तिथे उडणाऱ्याला विंगमन म्हणतात. लीडरच्या शेपटीवर शत्रू आला की त्याला विंगमनने पाडायचं. भरवशाच्या माणसालाच ही जागा देतात. आमच्या गटात ती माझी आहे. सगळं कॉम्प्युटरवर असलं तरी विमानं खऱ्या महायुद्धातली आहेत आणि शत्रूच्या विमानातही खरी माणसं बसलेली असतात, आपापल्या घरी.

कॉम्प्युटर चिरंजीवांनी दिला. बाबांचं मन रमेल म्हणाले. म्हणजे बाबा फोन करणार नाहीत.

नवीन पेन आणलं. रिफील खराब. अक्षर मुंग्या चालल्यासारखं येतंय. दुकानदाराने तोंड बघून माल दिला.

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी

स्पिटफायर विमान घेऊन वर गेलो. नाक एका जागी राहीना. समोर शत्रू, निशाणाच्या गोलात आला, आणि नाक थरथरायला लागलं. सगळ्या गोळ्या आकाशाला. शत्रू आरामात निघून गेला. जाता जाता पंख हलवून गेला, निर्लज्ज.

स्टिक खराब झाली आहे. स्टिक म्हणजे विमानाचा दांडा, टेबलावर बसवलेला. कंपन्या हल्ली कसल्या वस्तू विकतात!

मला दांडा कसा धरायचा हे कोणी शिकवू नये. उभं आयुष्य कारखान्यात क्रेन चालवली. आठवीत शाळा सोडली, पण लोखंडाचा एवढा मोठा साचा असा खाली टेकवायचो की खालच्या माणसाला आवाज येत नसे. इंजिनियर लोक बघायला उभे राहायचे. माझा हात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गटात स्टिकचा विषय काढला. सगळ्यांना एकदम ज्ञान सुचलं.

पोपट म्हणाला, काका, डेड झोन वाढवा. (गटात मी नाव 'गरुड' घेतलं आहे. सगळे काका म्हणतात.) डेड झोन म्हणजे स्टिक मधोमध जराशी हलली तरी विमानाने तिकडे लक्ष द्यायचं नाही. पोपट विमा विकतो, बोलायचे पैसे मिळतात असं समजून बोलतो. तरी वाढवला. आता विमान आधी ऐकतच नाही, आणि मग एकदम दचकून ऐकतं. नवीन लग्न झालेल्या मुलासारखं.

लीडर म्हणाला, काका, स्पिटफायर फार नाजूक. बोट लागलं तरी नाक उसळतं. तुम्ही थंडरबोल्ट घ्या. वजनदार, शांत, हाताला सोपं.

म्हणजे मला बैलगाडी देतो! लीडर खऱ्या आयुष्यात दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना आ करायला लावतो, म्हणून आपण काहीही बोललो तरी समोरचा गप्प बसेल असं त्याला वाटतं. मी गप्प बसलो नाही. स्पिटफायरच उडवणार, असं ठणकावून सांगितलं.

दुपारी चहा सांडला. बशीचा तळ वाकडा आहे. ही उठली आणि कपबशीऐवजी चहाचा मोठा मग घेऊन आली. तोही अर्धाच भरलेला. अर्धा का, विचारलं. म्हणाली, अहो, संपला की पुन्हा देईन ना.

चहातसुद्धा हप्ते.

९ फेब्रुवारी, रविवार

सामन्याची तालीम. लीडर पुढे, मी उजवीकडे, थोडा मागे. जागा अगदी बरोबर धरली होती. लीडरच्या शेपटीवर शत्रू आला. मी वळलो. नाक शत्रूवर आणलं. दाबलं.

त्याच क्षणी स्टिकने झटका दिला.

लीडर पॅराशूटने उतरला.

हेडफोनमध्ये पोपट खिंकाळत होता. म्हणाला, काका, आपल्या बाजूची किती पाडली ते वेगळं मोजायचं का? गटात एक नवी बाई आली आहे, शाळेत खेळ शिकवते, नाव घेतलंय 'चिमणी'. त्या शत्रूला तिने पाडलं. आयतं. मी त्याला घेरून आणला नसता तर कुठून पाडणार होती?

लीडर रागावला नाही. त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाला, काका, एक साधी तपासणी करा. सेटिंगमध्ये एक चौकोन दिसतो. त्यात एक फुली असते. स्टिक हलली की फुली हलते. स्टिकला हात न लावता नुसतं फुलीकडे बघा. हात नसताना फुली हलली तर स्टिक खराब.

आणि नाही हलली तर, असं पोपटाने विचारलं. लीडर म्हणाला, मग बघू.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गटात सांगितलं की तपासणी केली. फुली नाचते.

केली नाही. करायची गरज नव्हती. उकडतंय हे कळायला कोणी हवामान खात्याला फोन करत नाही.

लीडरने लगेच मान्य केलं. म्हणाला, मग आतला सेन्सर गेला असणार. माझ्याकडे हीच स्टिक आहे, मी माझी तुम्हाला पाठवतो, तुमची मला पाठवा, मी उघडून बघतो. माणूस वाईट नाही. मी उगाच बोललो त्याला.

हिने परस्पर नसांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, उद्याची. कशाला? म्हणाली, तुमच्या हातासाठी. म्हणालो, हाताला काही झालेलं नाही, थंडीने होतं. म्हणाली, मग तो पंखा बंद करा की.

डॉक्टरला फोन करून उद्याचं रद्द केलं. सराव आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लीडरची स्टिक आली. हातात घेताच फरक कळला! याला म्हणतात वस्तू. विमान उतरवलं, चाकं टेकल्याचं कळलंसुद्धा नाही. (आधीच्या दोन वेळा कळलं होतं, पण ते हात बसेपर्यंत.)

गटात लिहिलं: गरुड परत आला. चिमणीने टाळ्यांची चित्रं टाकली. बाई तशी बरी आहे.

संकल्प: हिच्याशी नीट बोलायचं. सामना झाला की डॉक्टरकडेही जाऊन येऊ, तिच्या समाधानासाठी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ही स्टिकही बिघडली.

कारणं शोधली. टेबल डगमगतं. स्टिक जेवणाच्या टेबलावर नेऊन बसवली. ही ताट मांडीवर घेऊन जेवली. म्हणाली, अहो, माझं काही नाही, पण विमान कधी उतरणार तेवढं सांगा. टेबल बदलूनही तेच. मग खुर्ची बदलली. मग घरातला पंखा, फ्रीज, सगळं बंद करून पाहिलं, विजेचा दोष असेल म्हणून. दूध नासलं. नाक थरथरतंच आहे.

संध्याकाळी लीडरचा निरोप: काका, तुमची स्टिक उघडून पाहिली, चार दिवस तिच्यावरच उडतोय. लोण्यासारखी चालते. काही दोष नाही.

आता सगळं लख्ख कळलं. माझी चांगली स्टिक त्याने लाटली आणि स्वतःची खराब माझ्या गळ्यात मारली. दातांच्या डॉक्टरची सवयच ती. आपला उपटून घ्यायचा आणि खोटा बसवून द्यायचा.

हे वाक्य मी गटात टाकलं.

कोणी काही लिहिलं नाही. पोपटसुद्धा गप्प. पोपट गप्प बसला याचा अर्थ मला काय लागायचा तो लागला: सगळे सामील आहेत.

बँकेतली पोरगी म्हणाली, आजोबा, सही जुळत नाही. तिच्यासमोर चार वेळा केली. चारही एकमेकींशी जुळेनात. मी मीच आहे हे त्या पोरीला शेवटपर्यंत पटलं नाही. बँकेत पेन दोरीला बांधलेलं असतं, त्या दोरीला ताण येतो. असल्या पेनाने सही कशी येणार?

२० फेब्रुवारी, गुरुवार

लीडरने सरळ फोन केला. एरवी आम्ही हेडफोनवरच बोलतो. फोनवर त्याचा आवाज वेगळाच वाटला, वयाने लहान.

परवा मी गटात टाकलेल्या वाक्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाला, काका, आपल्या उड्डाणांचं रेकॉर्डिंग राहतं, त्यात स्टिक कशी हलली त्याची रेष येते. सेन्सर बिघडला की रेष मधूनच कशीही उडते, पुन्हा शांत होते. तुमची तशी नाही. तुमची करवतीच्या दातांसारखी एकसारखी आहे. दोन्ही स्टिकवर तशीच. राग मानू नका, एकदा हात दाखवून घ्या.

म्हणालो, तुम्हाला जिथे तिथे दातच दिसणार.

हसला नाही. म्हणाला, रविवारी माझ्या उजवीकडे चिमणी उडेल. तुम्ही जमिनीवर रेडिओ सांभाळा. नकाशा बघायचा आणि शत्रू कुठून येतोय ते आम्हाला सांगायचं. तुमच्याइतका नकाशा कोणालाच कळत नाही.

वॉचमन! उभ्या आयुष्यात गेटवर बसलो नाही, ते आता बसू?

गट सोडला. आता कळेल त्यांना.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कोणी विनवणी केली नाही अजून. फोन चार्ज करून जवळ ठेवला आहे. गट सोडणाऱ्याला परत बोलवायला धीर लागतो, त्यांना वेळ द्यायला हवा.

दुपारी वाजला. चिरंजीव. बाबा, आई सांगत होती की... ठेवून दिला. घरातच फितुरी आहे.

हिने डॉक्टरची पुन्हा वेळ घेतली, गुरुवारची. या वेळी नंबर मला दिलाच नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार. सामन्यानंतर

मीच परत गेलो. सामन्याच्या दिवशी गटाला वाऱ्यावर सोडणाऱ्यांतला मी नाही. लीडर एवढंच म्हणाला, आलात? बरं झालं, बसा नकाशावर.

बसलो. आणि काम चोख केलं. शत्रू कुठून, किती उंचीवर, सगळं सांगत होतो. पोपट म्हणाला, काका, आज बघा कसे फॉर्मात. आम्ही जिंकत होतो. मी हे लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी ठेवणार नाही: तोपर्यंत आम्ही जिंकत होतो.

मग लीडरच्या शेपटीवर दोन शत्रू आले. चिमणी गोळ्या भरून घ्यायला खाली उतरली होती. उजवी बाजू रिकामी. माझी जागा. नकाशावर ती रिकामी जागा मला दिसत होती, आणि नुसतं सांगत बसवेना. स्पिटफायर घेतलं. धावपट्टीवर वेग घेतला. नाक डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. धावपट्टीच्या कडेला चिमणी उभी होती, भरलेली, निघायच्या तयारीत.

मी तिच्यावर चढलो.

दोघंही जळालो. वर लीडर एकटा होता. पाच मिनिटांत सामना संपला.

हेडफोनमध्ये कोणी बोलेना. शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या, माझ्याकडे भरपूर होत्या. मग चिमणी म्हणाली, काका, तुम्हाला लागलं नाही ना?

कॉम्प्युटरवर कोणाला लागतं का? मूर्ख बाई.

हेडफोन काढून ठेवला.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

लीडरला खोटं पाडायचंच, असं ठरवून उठलो. फुली नाचतानाचा फोटो काढायचा आणि गटात टाकायचा. पुरावा.

तो चौकोन उघडला. हात मांडीवर ठेवले. फुलीकडे बघितलं.

हलेना. वाटलं कॉम्प्युटर अडकला. स्टिकला हात लावला, फुली नाचायला लागली. हात काढला, थांबली. लावला, नाचली. काढला. डाव्या हाताने धरून पाहिली, तर नाचली, जरा कमी. स्टिक गार असताना बरी असेल म्हणून तासभर थांबलो. मग पुन्हा तेच.

हिला हाक मारली. म्हणालो, हे धर. हिने हात पदराला पुसले, दांडा धरला, जिन्याचा कठडा धरावा तसा. तिने आयुष्यात कधी विमान उडवलेलं नाही. फुली जरा सरकली आणि थांबली. मधोमध. न सांडलेल्या भरल्या कपासारखी.

ही धरून उभीच राहिली. म्हणाली, अहो, कुठे न्यायचंय?

म्हणालो, कुठे नाही. ठेव.

फोटो काढला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याने कागद दिला आणि गोगलगाईच्या पाठीसारखं गोल गोल काढायला सांगितलं. काढलं. म्हणालो, पेन खराब आहे. त्याने खिशातलं स्वतःचं काढून दिलं. चांगलं, जड पेन होतं. पुन्हा काढलं. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि हिच्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. गोळ्या दिल्या आहेत. कमी होईल म्हणाला. जाईल का, विचारलं. म्हणाला, कमी होईल.

स्टिक लीडरला परत पाठवायची आहे. माझी त्याने ठेवली तरी चालेल. रविवारी नकाशावर बसता का, असा त्याचा निरोप आहे. उत्तर दिलेलं नाही. त्याच्याबद्दल एक वाक्य इथे घालायचं होतं, ते लिहायला हिने साफ नकार दिला.

म्हणजे आजचं मी सांगतोय आणि ही लिहितेय. मागची पानं वाचायची नाहीत असं बजावलं आहे. म्हणाली, वाचायला यायला हवीत ना.

रिफील बदललेली नाही. पेन तेच आहे, एक तारखेला आणलेलं. स्वच्छ चालतंय.