खोलीच्या बदल्यात एक उड्डाण

सोमवार, २ मार्च
करार झाला. मागच्या खोलीत माझं रिमोटवर उडणारं लढाऊ विमान राहणार की सासूबाई, हा वाद बरेच दिवस चालू होता. रविवारी विमान उडून धड परत उतरलं, तर खोली माझी. नाहीतर सासूबाई कपाटासकट येणार. बायको लगेच 'हो' म्हणाली. इतक्या लगेच, की किळस आली.
विमानाचं नाव 'वैनतेय' ठेवलं. ती त्याला कावळा म्हणते.

मंगळवार, ३ मार्च
सोबतची माहितीपुस्तिका उघडली. मिटली. चार भाषांत छापली आहे आणि एकीतही कर्त्याची क्रियापदाशी ओळख नाही. ज्यांना षष्ठी लावता येत नाही, ते मला पंख लावायला शिकवणार? शी. स्वतःच्या बुद्धीने जोडणार.

गुरुवार, ५ मार्च
जोडणी पूर्ण. दोन स्क्रू उरले. जास्तीचे देत असावेत. बायकोने विचारलं, जास्तीचे असते तर पुडीवर तसं लिहिलं नसतं का. स्क्रू खिशात टाकले.

शुक्रवार, ६ मार्च, संध्याकाळ
भयंकर चूक पकडली. अर्थात कारखान्याची. वैनतेय टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवला आणि रिमोटची काडी उजवीकडे ढकलली. उजव्या पंखामागची पट्टी वर जायला हवी. गेली डाव्याची! असला माल विकताना यांना लाज कशी वाटत नाही? रिमोटमध्ये दिशा उलटी करायची सोय असते, ती वापरून दुरुस्त केलं.
बायको चहा घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "उजवा म्हणजे तुमचा, की विमानाचा?"
या घरात तांत्रिक विषय काढण्याची सोय राहिलेली नाही.

शनिवार, ७ मार्च
विमानं उडवणाऱ्यांच्या आमच्या क्लबातल्या दातांच्या डॉक्टरचा फोन. उडवण्याआधी एकदा तपासून देऊ का, म्हणाला. आठवडाभर लोकांच्या तोंडात बोटं घालून याचं भागत नाही. नको म्हटलं.
उद्या टोपी घालावी का? फोटो निघतील.

रविवार, ८ मार्च
वारा. सगळा दोष वाऱ्याचा.
वैनतेय धावला, उठला. काय देखणा उठला! मग जरासा डावीकडे कलला. मी काडी उजवीकडे केली. तो आणखी डावीकडे कलला. मी आणखी उजवीकडे. पालथा झाला आणि नाकाने मैदानात शिरला. आवाज अत्यंत गलिच्छ.
डॉक्टर धावत आला. पट्ट्या तपासताना मी कुठे उभा होतो, असं विचारू लागला. समोर, अर्थात. समोरूनच नीट दिसतं. त्यावर तो तोंड उघडं ठेवून बघत राहिला. धंद्यातली सवय असावी.
वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी ओल्या मोज्यासारखी लोंबत होती. नादुरुस्त आहे. क्लबला कळवायला हवं.
बायको हसली नाही. तुकडे गोळा करू लागली. परत येताना तिने आईला फोन लावला.

सोमवार, ९ मार्च
कपाट आलं. मागोमाग सासूबाई. त्यांनी खोली हुंगली आणि सांगितलं, गोंदाचा वास येतो, डोकं दुखेल. वास जाईपर्यंत त्या लेकीजवळ झोपणार. मी इथे, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये.
म्हणजे खोली माझ्याकडेच राहिली. तसं बायकोच्या नजरेस आणून दिलं.
ती म्हणाली, कपाटाचं दार आपोआप उघडतं, पाय आवरून झोपा.