बाईंच्या हॉलची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, बॉक्सिंग शिकवणारी बाई, हे लिहून ठेवते की आज माझी बुद्धी शाबूत आहे, हात स्थिर आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न हॉल विकत मागणाऱ्या शेजारच्या फर्निचरवाल्याने केला होता. तो यशस्वी झाला नाही.

याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते वकिलांच्या कपाटात कुलूपबंद होते आणि तरीही त्यातला मजकूर फर्निचरवाल्याला ठाऊक होता. तो कसा, याचे उत्तर वकिलांनी अजून दिलेले नाही. म्हणून हे मी स्वहस्ते लिहीत आहे, दार लावून.

कलम पहिले. हॉलच्या वरच्या माझ्या राहत्या दोन खोल्या धाकट्या बहिणीला द्याव्यात. ती दर भेटीत भिंतींवरून हात फिरवते आणि म्हणते, ओल आली का बघतेय. ती काय बघते ते मला चांगले कळते. तरी तिलाच देते, कारण तिला जे काही बोलायचे असते ते ती तोंडावर बोलते. एकच अट: स्वयंपाकघराची खिडकी बुजवायची नाही. तिच्यातून फर्निचरवाल्याकडे कोण जाते-येते ते दिसते.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक इमारतीच्या छपराला आणि माझ्या शेवटच्या खर्चाला पुरेल. उरेल ते बहिणीचे. आकडा इथे लिहीत नाही. हा कागद कोणाकोणाच्या हाती पडेल याची मला खात्री नाही.

कलम तिसरे. डॉक्टरांना काहीही देऊ नये. माझ्या हृदयाचे दुखणे त्यांनी मला सांगण्याआधी माझ्या मुलाला सांगितले.

कलम चौथे. सर्व ग्लोव्ह्ज, बॅगा, घंटा आणि बॅगेचे चामडे शिवायची सुई माझी शिष्या 'घाई' हिला द्यावी. पहिल्या दिवशी ती बुटाच्या नाड्याही न बांधता रिंगमध्ये शिरली, तेव्हापासून हे नाव पडले. हल्ली संध्याकाळचा वर्ग तीच घेते.

आमच्याकडे नव्या माणसाला आधी बॅगेला हात लावू देत नाही. त्याला बघणीची फेरी करावी लागते. दोघांनी ग्लोव्ह्ज वर धरून, म्हणजे गार्ड घेऊन, समोरासमोर उभे राहायचे. एकाने हुलकावण्या द्यायच्या आणि दुसऱ्याने, खरा हात येईपर्यंत, जागचे हलायचे नाही.

"बाई, मारायचं कधी?" घाईने विचारले होते.

"मारायचं नाही. बघायचं."

"किती वेळ?"

"बघून होईपर्यंत."

ती रडकुंडीला आली, पण टिकली. लोक समजतात, माझा स्वभाव संशयी म्हणून मला ही विद्या लवकर आली असेल. उलट आहे. संशयी माणसाला न आलेले ठोसेही दिसतात. तरुणपणी असले ठोसे चुकवता चुकवता मी खऱ्या ठोशांवर जाऊन आदळत असे. माझे नाक त्याची साक्ष देईल. पुढे काय होईल ते सोडून समोर काय आहे ते बघायला मी रिंगमध्ये शिकले. रिंगबाहेर ती सवय मी लावून घेतली नाही. बाहेर घंटा नसते.

कलम पाचवे, हॉलविषयी. हे लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

माझा मुलगा इमारतींचे नकाशे काढून पोट भरतो. इतकी वर्षे त्याने हॉलमध्ये पाऊल टाकले नव्हते. या वर्षी एका सकाळी येऊन म्हणाला, "आई, मला शिकव." नकाशेवाल्याला आईच्या हॉलचे असे अचानक प्रेम आले की कुठेतरी पाणी मुरते आहे हे कोणीही ओळखेल. मी त्याला बघणीच्या फेरीत माझ्यासमोर उभा केला. वाटले, कंटाळून पळेल. तो कामावर जाण्याआधी रोज येत राहिला. आधी माझ्या प्रत्येक हुलकावणीला दचकायचा. मग पापणीसुद्धा हलेना.

दरम्यान मी चौकशी केली. फर्निचरवाल्याला गोड बोलून खोदले, त्याने ताकास तूर लागू दिली नाही. मुलाच्या पिशवीत हात घातला. टॉवेल आणि जेवणाचा डबा निघाला, नकाशा नाही. शेवटी सुनेला फोन करून आडूनआडून विचारले. ती म्हणाली, "आई, सरळ विचारा. डॉक्टरांनी तुमचं सांगितलं, तेव्हापासून येतोय तो." माझा संशय यावरून वाढला. आजारी माणसाभोवती नातेवाईक उगाच जमत नाहीत.

आता ज्या सकाळी या कलमाचा निकाल लागला, तिची हकीकत. मी थकल्याचे सोंग करून ठोसा मारते, हे आमच्या हॉलमध्ये सर्वांना पाठ आहे. गुडघा वाकवायचा, हात खाली सोडायचे, समोरचा दया दाखवायला पुढे आला की फटका. त्या दिवशी मुलासमोर उभी असताना माझा गुडघा खरोखर वाकला, हातही खाली गेले. दोरीबाहेर उभे असलेले सगळे जागच्या जागी राहिले. घाई ओरडली, "फसू नका! गार्ड सोडू नका!" तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. मीच तसे शिकवले आहे.

मुलाने गार्ड सोडला, पुढे आला आणि मला पडू दिले नाही.

बाकावर निजवल्यावर मी त्याला म्हणाले, "फसला असतास."

"नसतो."

"कशावरून?"

"सोंग करतेस तेव्हा तू माझ्याकडे बघत असतेस. आज बघत नव्हतीस."

मग मी विचारूनच टाकले. "हॉल हवाय ना तुला?"

"नको. घाईला दे."

"मग रोज कशाला येतोस?"

तो माझ्या हातातले ग्लोव्ह्ज सोडवत होता. म्हणाला, "तू माणसाकडे नीट बघतेस ती फक्त इथे. घरी तू माझ्याकडे बघायचीस तेव्हा माझ्या पाठीमागे काय आहे तेच शोधायचीस. डॉक्टर म्हणाले फार दिवस नाहीत. म्हटलं, थोडं समोर उभं राहून घ्यावं."

मला त्याचे म्हणणे संपूर्ण मान्य नाही. पण ते ऐकून मला रडू आले, आणि ते सोंग नव्हते, हेही नोंदवून ठेवते.

सबब हॉल, जागेसह, घाईला द्यावा. तो फर्निचरवाल्याला विकण्याची किंवा भाड्याने देण्याची तिला मुभा नाही.

कलम सहावे. मुलाला माझ्यासमोर रोज सकाळी एक फेरी द्यावी. डॉक्टरांनी मला उभे राहायला मनाई केली आहे, म्हणून मी खुर्चीत बसेन. घंटा होईपर्यंत त्याच्याकडेच बघेन, त्याच्या पाठीमागे नाही. वकिलांना एवढ्या एका कलमाचे विचारले, तर म्हणाले, "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. हे कलम त्यात बसत नाही." न बसो. हे कलम आजपासून लागू आहे.

सही: हॉलच्या बाई

साक्षीदार: समोरच्या फुटपाथवरचे चाव्या बनवणारे, दवाखान्यातल्या परिचारिका. घाईला लाभ होत असल्याने तिची सही घेतलेली नाही. दोघांनी माझी सही होताना पाहिली आहे. मजकूर वाचलेला नाही, मी वर हात ठेवला होता.

ठिकाण: हॉल, रिंगजवळचा बाक.

तारीख: आजची. वेळ सकाळची. मुलगा दारात बूट बदलतो आहे, म्हणून पेन ठेवते.