फुंकरीनंतरचा अंगठा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा काचेवर धातूचा पातळ थर चढवून आरसे करण्याचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला गल्लीतल्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत टाचला आहे. चिरंजीवांचं मत निराळं असेल तर त्यांनी ते डॉक्टरांशी भांडून ठरवावं. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती आणि अक्षरही वाईट होतं.

कलम १. राहतं घर, वरच्या खोलीसकट, माझ्या पश्चात चिरंजीवांना मिळावं. जिन्याची तिसरी पायरी हलते, ती आधी दुरुस्त करावी. बँकेत जे काही असेल ते सूनबाईंना, त्यांच्या एकटीच्या नावावर. माझ्या आजारपणात त्यांनी तीन महिने माझं सगळं केलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. मी मात्र त्यांच्या चहाला नावं ठेवली. चहा चांगला होता.

कलम २. कारखाना, म्हणजे मागची लांब खोली, लोखंडी हंडा, हवा ओढणारा पंप आणि सगळी हत्यारं, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत मी चिमणीला देते. चिमणी म्हणजे गेली अठरा वर्षं माझ्याबरोबर काम करणारी पावणेसहा फुटांची बाई. तिला हे नाव कोणी ठेवलं देव जाणे. चिरंजीवांनी यावर हरकत घेऊ नये. गेल्या वर्षी त्यांनी भंगारवाल्याला बोलावून हंड्याचं वजन विचारलं होतं, तेव्हा मी शेजारच्या खोलीत जिवंत होते.

कलम ३. शेजारचे शिंपी पंपाच्या आवाजाबद्दल पंचवीस वर्षं कुरकुरत आले. पण ज्या दिवशी मी पडले आणि पंप लागला नाही, त्या दिवशी दार ठोठावायला तेच आले. त्यांना माझी आरामखुर्ची द्यावी. त्यांचे उपकार खुर्चीने फिटणार नाहीत हे मला कळतं.

कलम ४. मास्तरांचा चष्मा आणि त्यांची वही चिमणीनेच सांभाळावी. मास्तरांनी मला वयाच्या सोळाव्या वर्षी कामावर घेतलं, तेव्हा बाईमाणसाला काच झेपणार नाही असं सगळे म्हणत होते. हंड्यातली हवा काढायची, मधल्या तापलेल्या तारेच्या वेटोळ्यावर ॲल्युमिनियमची वाफ करायची आणि ती काचेवर बसू द्यायची, एवढंच आमचं काम. थर इतका पातळ की त्याच्यापुढे केस म्हणजे दोरखंड. त्याआधी धुतलेल्या काचेवर हलकी फुंकर मारायची. तोंडाची वाफ सगळीकडे सारखी बसली आणि सारखी उडाली, तर काच स्वच्छ. मास्तरांचा एकच नियम होता: फुंकरीनंतर काचेला कोणी बोट लावायचं नाही. माझ्या आयुष्यातला प्रत्येक घास मी त्या माणसाच्या शिकवणीवर खाल्ला आहे.

कलम ५. (यावर मीच रेघ मारली आहे, पण वाचता येईल इतपतच.) भिंतीवरचा मोठा आरसा माझ्या पश्चात माझ्या धाकट्या भावाला द्यावा, आणि देताना त्याला सांगावं, की त्यावरचा अंगठा तुझ्या ताईचा आहे.

हे कलम का लिहिलं आणि का खोडलं, ते सांगणं भाग आहे.

धाकटा एकतीस वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याच कारखान्यात होता. तेव्हा आमचा थर मधोमध जाड आणि कडांना पातळ बसायचा आणि निम्मे आरसे परत यायचे. मी वेटोळं वर-खाली करून थकले. धाकट्याने एके दिवशी जुन्या सायकलीचं चाक आणलं, त्याचा आस हंड्यात बसवला आणि काच वाफेसमोर फिरती ठेवली. थर कडेपासून कडेपर्यंत सारखा! माझ्या आरशांचं जे काही नाव झालं, ते त्या चाकामुळे. हे मी आजवर कुठेही लिहिलं नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

मग दुर्बिणीच्या एका मोठ्या आरशाचं काम आलं. काच धाकट्याने धुतली, फुंकर त्याने मारली. संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर हंडा उघडला, तर लखलखीत थराच्या कडेला अंगठ्याचा ठसा. गिऱ्हाईक उठून गेलं. मी चारचौघांत धाकट्याला नाही नाही ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "ताई, मी फुंकरीनंतर हात लावला नाही." मी म्हटलं, उलट बोलू नकोस. तो गेला आणि दोन गल्ल्या सोडून त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान घातलं. मी तो आरसा भिंतीवर उंच टांगला आणि कामाला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला: हा पाहा माझ्या भावाचा अंगठा. एकतीस वर्षं.

गेल्या महिन्यात वकिलांनी सांगितलं, की माझा हात थरथरतो, तेव्हा सहीबरोबर अंगठाही लागेल. कोऱ्या कागदावर करून पाहिला. त्याच दिवशी यादी करायची म्हणून चिमणीने आरसा खाली काढला, पुसला आणि टेबलावर कागदाशेजारीच ठेवला. माझ्या उजव्या अंगठ्यावर पत्र्याने कापल्याचा तिरका व्रण आहे. कागदावर तो तिरका उमटला होता. आरशावरही तोच, तसाच.

मग सगळं आठवलं. शेवटचा हात मालकिणीचा, अशी माझी खोड. धाकट्याची फुंकर झाल्यावर मी हातमोजा काढून काच चौकटीत जराशी सरळ केली होती. मास्तरांचा नियम सगळ्यांना शिकवला मी, आणि मोडला मीच.

मी कलम पाचवं लिहिलं. वकील वाचून म्हणाले, "बाई, हे त्यांना कळेल तेव्हा तुम्ही नसाल." मी म्हटलं, म्हणूनच तर मृत्युपत्रात लिहिलंय. ते चष्मा पुसत बसले. माझी मलाच लाज वाटली.

मंगळवारी चिमणीने आरसा हातगाडीवर घातला आणि आम्ही धाकट्याच्या दुकानी गेलो. तो चाकाच्या तारा ताणत होता. केस पांढरे झालेत त्याचे. मी आरसा दाखवला, अंगठा दाखवला आणि म्हटलं, "माझा आहे. चुकले मी."

त्याने हात पुसले. म्हणाला, "माहीत आहे. मी पाहिलं होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"मी हात लावला नाही, एवढं बोललो. कोणी लावला, ते तू विचारलंच नाहीस ताई."

मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसून रडले. तो म्हणाला, अगं गिऱ्हाइकं येतायत, आणि स्वतःच दुकानाचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, की असला डागाळलेला आरसा त्याला मेल्यावर नको आणि जिवंतपणीही नको. थर उतरवून नव्याने चढवू.

काल आम्ही तिघांनी तो चढवला. जुना थर कॉस्टिक सोड्याने उतरवला, त्याबरोबर माझा अंगठाही गेला. चिमणीने काच धुतली, धाकट्याने सायकलीच्या आसाला तेल दिलं आणि फुंकर मारली. वाफ सारखी बसली, सारखी उडाली. काच चौकटीत किंचित तिरकी होती, अगदी किंचित. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं, हातमोजा घातला आणि ती सरळ केली.

आरसा चांगला झाला. तो काल संध्याकाळीच धाकटा घेऊन गेला. म्हणून कलम पाचवं रद्द.

वकील सांगतात, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने त्यावर साक्षीदार होऊ नये. धाकट्याला आता यातून काहीही मिळत नाही. म्हणून मी त्याला बोलावलं आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि माझी कोणाबद्दलही तक्रार उरलेली नाही.

ठिकाण: कारखाना, मागची लांब खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी चार

सही व उजव्या हाताचा अंगठा (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १: सही (गल्लीतले डॉक्टर)

साक्षीदार २: सही (धाकटा भाऊ). ताईने अंगठा माझ्यासमोर लावला. मी पाहिलं.