सासूबाईंसमोर वाचलेला रिपोर्ट

कामठा, सोमवार, १४ जुलै २००८

नऊ वर्षं झाली, दर पाळीला ओटीपोट पिळवटून निघतं आणि सासूबाई धानाच्या रोवणीला आलेल्या बायांना सांगतात, "नाटक करून राहिली." आज गोंदियाहून सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन मुद्दाम बांधावरच गेले. सगळ्यांसमोर वाचला. गर्भाशय सुजून दुप्पट झालंय. वरून म्हटलं, "डॉक्टरीणबाई म्हणते, एवढ्या दुखण्यात तू उभी कशी राहते?"

सासूबाई मान खाली घालून रोप खोचत राहिल्या. मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं का? नाही वाटलं.

संध्याकाळी कळ उठली. सासूबाईच गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या. "शेकून घे." पिशवी चांगली गरम होती. तरी म्हटलं, "थंड आहे, परत भरून आणा."

तीनदा चुलीपाशी पाठवलं. उद्याही पाठवणार.