हॉलमधलं लिनोलियम

४ मार्च ७५
हॉलमधलं जुनं कपाट सरकवलं. खाली लिनोलियमचा तळहाताएवढा तुकडा, शहाबादी फरशीला चिकटलेला. रंग ओळखू येईना. निजामाच्या वेळी इथे अंमलदार राहायचा, तेव्हाचं असणार. मी हट्ट धरला, घर विकत घेऊन दुरुस्त करतोच आहोत तर अंथरायचं तेही तसंच. हे म्हणाले, "तू मास्तरीण. तुझंच चालायचं."

६ मार्च
रहीमचाचांचं दुकान. दोन गुंडाळ्या. हिरवे चौकडे, नाहीतर लाल फुलं. "पुराने जमाने में दोनों चलते थे, बाई. देखे सो आदमी कू पूछो."
पाहिलेलं माणूस एकच. माझी माय. या घरचं अंगण सारवायची.

९ मार्च, रवि.
कुरुंद्याला जाऊन आले. माय हळकुंडं निवडत होती. "लाल फुलं व्हती. दारापासची तेवढी दिसायची. पुढचं न्हाई ठावं, आमाला आत कोण घेतंय?" सहज म्हणाली. आणि मी आपली नमुन्याचंच विचारत बसले. फुलं केवढी? देठ होता का? परतीच्या एस्टीत लाज वाटली. तिथं का नाही वाटली?

१५ मार्च
लाल फुलं अंथरली. माप चुकलं माझं, भिंतीलगत वीतभर फरशी उघडी राहिली.
शाळेत मोठ्या बाईंनी विचारलं, जुना नमुना कसा कळला? म्हटलं, "आई यायची ना इथे त्या काळी." (आई! जन्मात कधी आई म्हटलं नाही.) बाई म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे घरोबाच की!" मी हसले. फक्त हसले.

२३ मार्च, रवि.
नव्या घरात बुद्धवंदना झाली. शाळेतल्या सगळ्या चहाला. मोठ्या बाईंनी मायला विचारलंच, "तुम्ही यायच्या तेव्हा बसायच्या कुठं हो?"
मायनं माझ्याकडं पाहिलं.
"अंगनात. लई गार हवा लागायची तिथं."
खोटं बोलली नाही. माझी अब्रू मात्र झाकली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी चहाच ओतत राहिले.

२४ मार्च
आज बाईंना खरं सांगणार होते. दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेले, हजेरीपट घेऊन परत आले. उद्या.
घरी आले तर माय परसदारातून आत येत होती. चपला बाहेर. भिंतीला हात लावून त्या उघड्या फरशीवरून, कडेकडेनं. मला रडूच आलं.
"माय, मधून चाल ना गं."
"चालते की. काहून घाई करून राहिली?"