डोहाचं औषध

४ मार्च

सकाळीच औषध ओतून आलो. हातांचा उग्र वास साबणानंही जात नाही. डोहावर जलपर्णी इतकी माजलीय की पाणीच दिसेना. पाणी दोन देशांचं, पण तण काही कुणाची परवानगी काढून वाढत नाही! यंदा दोन्हीकडच्या साहेबांनी मिळून ठरवलं — एकाच दिवशी, दोन्ही काठांनी औषध. पलीकडचा राखणदार, मी त्याला टोपीवाला म्हणतो, आपल्या होडीतून हात करत होता. इतकी वर्षं समोरासमोर राखण करतोय, नाव मात्र ठाऊक नाही.

पिंपाच्या तळाला थोडं उरलं होतं. परत नेलं तर बोल लागेल, म्हणून विसळून तेही ओतलं.

५ मार्च

उगाच धडधडतंय. ही म्हणते, तुम्हाला काळजी करायला काही मिळालं नाही, तर त्याचीच काळजी लागते.

६ मार्च

मासे मेले!

या काठापासून त्या काठापर्यंत पांढरी पोटं. मिशीवालेसुद्धा. ते या डोहाबाहेर कुठंच नाहीत. अंडी आमच्या काठच्या गवतात, पिल्लं वाढतात पलीकडच्या उथळ पाण्यात — म्हणून तर दोन्ही देशांनी मिळून राखण बसवली. एक हातात घेतला, पिकल्या केळ्यासारखा मऊ लागला.

मग लाल निशाण चढवलं. आधी दिसेल त्यानं चढवायचं, चूक कुणाची ते नंतर, असं ठरलेलं आहे. पलीकडेही चढलं. डोहाचं पाणी जातं ते दोन्हीकडचे नळ बंद.

त्याच दिवशी, दुपारी

मुलगा चामड्याच्या कारखान्याचा टँकर चालवतो. घाण पाणी लांब नेऊन टाकायचं असतं. परवा तो फार लवकर परतला होता — हे आठवलं आणि तडक घरी आलो. विचारलं नाही, सरळ सुनावलं. डोहाला मिळणाऱ्या ओढ्यात रिकामा केलास! बापानं जन्मभर राखलं, तू एका फेरीत मारलंस! सूनबाई वाढता वाढता थांबली.

तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, औषध किती घातलंत?"

चोराच्या उलट्या बोंबा, म्हणालो मी. तो पानावरून उठून गेला.

७ मार्च

मुलगा घरी आला नाही. सूनबाई बोलत नाही. हीसुद्धा.

८ मार्च

दोन्हीकडचे साहेब आमच्या कचेरीत, एका टेबलाशी. पाणी तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं — चामड्याच्या पाण्याचा मागमूस नाही. नुसतं औषध. दुपटीहून जास्त.

आमच्या साहेबांनी अख्ख्या डोहाचं मागवलं. त्यांच्या साहेबांनीही अख्ख्या डोहाचं! दिवस मिळून ठरवला, वेळ मिळून ठरवली, निम्मं कुणी घालायचं हे विचारायचंच राहिलं. कानांवर विश्वास बसेना. मग आमचे साहेब म्हणाले, "ओतलं कुणी?"

भिंतीशी टोपीवाला आणि मी. त्यानं टोपी काढली. टकला निघाला. पहिल्यांदा इतक्या जवळून बघितला, तर त्याच्याही हातांना तोच उग्र वास.

तळ विसळून ओतल्याचंही मी सांगून टाकलं. नोकरी जाईल, जाऊ दे. मुलाला काय तोंड दाखवू? मी मारले आणि मीच त्याला बोललो!

९ मार्च

सूनबाई अखेर बोलली. मुलगा परवापासून पोलीस चौकीत आहे. औषधाचं त्याला त्या दुपारीच कळलं होतं. म्हाताऱ्या बापावर येऊ नये, म्हणून टँकर मीच ओढ्यात सोडला, असं कबूल करून बसलाय.

धावत कचेरी गाठली. साहेब म्हणाले, तपासणी बाजूला ठेवलीय. कबुली आहेच — आणि ती दोन्ही देशांना मान्य आहे.